बेटावर बास हवाय? मग आधी धरण शोधा

मागच्या अंकात बास या माशाबद्दल, म्हणजे तो गळाने पकडण्याबद्दल, जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढे प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. बरेचसे सारखेच होते, म्हणून एकत्र करून घेतलेत. ज्यांचा प्रश्न इथे नाही त्यांनी रागावू नका, उत्तर कुठेतरी मध्येच घुसलेलं सापडेल.

प्रश्न : सुट्टीत एखाद्या उष्ण बेटावर जायचं ठरतंय. समुद्रातली फिशिंग नको, मला बोट लागते आणि पोटातलं सगळं बाहेर येतं. गोड्या पाण्यात बास पकडायचाय. पण ‘टॉप टेन जागा’ टाइप याद्या वाचल्या तर प्रत्येक यादीत वेगळीच नावं. सुरुवात कुठून करू?

उत्तर : याद्या बाजूला ठेवा आणि आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, की आपण ज्याला बास म्हणतो तो लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा आहे, उष्ण कटिबंधातल्या कुठल्याच बेटावर तो आपणहून पोचलेला नाही, जिथे आहे तिथे कुणीतरी डब्यात घालून नेऊन सोडलाय. आणि बेटांचं काय असतं की मध्ये डोंगर, भोवती समुद्र, त्यामुळे नद्या आखूड आणि उताराच्या, पाऊस पडला की धावत समुद्रात. मोठी नैसर्गिक तळी फार थोडी. म्हणजे बासला लागतं तसं संथ, खोल, काठाला झाडोरा असलेलं पाणी बेटावर बहुतेक माणसानेच अडवलेलं असतं, उसासाठी, विजेसाठी नाहीतर पिण्यासाठी. म्हणून मी कुणालाही हेच सांगतो, मासा शोधू नका, धरण शोधा, आणि मग ते धरण कुणाचं आहे ते शोधा. हा दुसरा भाग लोक हमखास विसरतात.

पोर्टो रिकोचं उदाहरण घ्या. तिथे मोठं नैसर्गिक सरोवर जवळजवळ नाहीच, नकाशावर ‘लागो’ (स्पॅनिशमध्ये तळं) लिहिलेलं जे जे दिसतं ते बहुतेक धरणाचं पाणी. डोस बोकास, ग्वाहाताका, ला प्लाता, लुचेत्ती, सेरियोस, ही सगळी नावं तिथल्या बासवाल्यांच्या तोंडी असतात, आणि यातल्या बऱ्याच ठिकाणी लार्जमाउथसोबत पीकॉक बासही (हा निराळाच मासा, पुढे सांगतो) मिळतो, जो तिथे १९६७ मध्ये आणला. हवाईत ओआहू बेटावर लेक विल्सन आहे, खरं नाव वाहिआवा जलाशय, वायालुआच्या उसाला पाणी द्यायला १९०६ च्या सुमारास बांधलेला, काउकोनाहुआ ओढ्याच्या दोन फाट्यांवर, म्हणून वरून बघितलं तर इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. ऊस गेला, बास राहिला! तिथे लार्जमाउथ, स्मॉलमाउथ, पीकॉक असे तिन्ही आहेत आणि सरकारी पब्लिक फिशिंग एरिया असल्यामुळे नवख्या माणसाला तीच जागा सगळ्यात सोपी.

क्युबा थोडा वेगळा. तिथेही धरणं आहेतच, सांक्ती स्पिरितुसजवळचा साझा हा देशातला सगळ्यात मोठा जलाशय, एस्कांब्राय डोंगरातला आनाबानिया विजेसाठी बांधलेला. पण सापाता दलदलीतलं लागूना देल तेसोरो आणि मोरोनजवळचं लागूना ला रेदोंदा ही नैसर्गिक पाणथळं आहेत, आणि ला रेदोंदात तर खारफुटीच्या बोगद्यासारख्या कालव्यांतून बोट नेत नेत गळ टाकतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर फक्त लार्जमाउथच पाहिजे असेल तर क्युबाला तोड नाही. एक गंमत लक्षात ठेवा, तिथे बासला ‘त्रुचा’ म्हणतात, म्हणजे स्पॅनिशमध्ये ट्राउट. आपण बास बास करत बसलो तर समोरचा नुसता बघत राहतो.

फिलिपिन्समध्ये लुझॉन बेटावरचं कालिराया हेही असंच विजेसाठी केलेलं तळं, लार्जमाउथसाठी प्रसिद्ध. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये आतियोचं धरण. म्हणजे कुठेही जा, गोष्ट तीच.

आता घरबसल्या करायचं काम. सॅटेलाइट नकाशा उघडा आणि पाण्याची एक बाजू सरळ रेघेसारखी कापलेली दिसते का बघा, ती धरणाची भिंत. त्याच्या उलट्या टोकाला, जिथे पाणी बोटांसारखं दऱ्यांमध्ये शिरलेलं असतं तो फुगवटा, आणि तुमचा बास बहुतेक वेळा त्या बोटांमध्येच असतो, भिंतीपाशी नाही. ओढा आत येतो ती जागा, बुडालेल्या झाडांचे बुंधे, जलपर्णीच्या गालिच्याची कड, जुना बुडालेला रस्ता, असं जे जे दिसेल त्यावर खूण करून ठेवा. नकाशा वेगवेगळ्या वर्षांचा बघता आला तर फारच छान, कारण कोरड्या वर्षी पाणी उतरलेलं असताना तळाची सगळी रचना उघडी पडते, खडक कुठे, चर कुठे, सगळं. मी तर हे काम प्रवासापेक्षा जास्त एन्जॉय करतो, घरचे वैतागतात ते सोडा.

प्रश्न : पीकॉक बास, ब्लॅक बास, सी बास, जंगल पर्च… हे सगळे एकच का? दुकानदार म्हणाला सगळ्यांना तेच सामान चालतं.

उत्तर : दुकानदाराला सामान खपवायचंय.

लार्जमाउथ आणि स्मॉलमाउथ हे खरे ब्लॅक बास, सनफिशच्या कुळातले. ओळखायचे तर तोंड बंद असताना जबड्याचं टोक बघा, डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाउथ, डोळ्याच्या खालीच थांबलं तर स्मॉलमाउथ. पीकॉक बास हा बासच नाही, तो सिक्लिड, म्हणजे तिलापियाचा लांबचा भाऊ, दक्षिण अमेरिकेतला. शेपटीवर काळा गोल ठिपका आणि त्याभोवती सोनेरी कडं, मोराच्या पिसावरच्या डोळ्यासारखं, म्हणून ते नाव. हवाईत तो १९५७ मध्ये आणला, तिथे त्याला तुकुनारे म्हणतात. सिंगापूरमध्येही आहे, तिथल्या जलाशयांमध्ये.

पापुआ न्यू गिनीला कुणी ‘ब्लॅक बास’ म्हणालं तर मात्र सावध व्हा. न्यू ब्रिटन बेटावरच्या नद्यांमध्ये जो पापुअन ब्लॅक बास मिळतो तो स्नॅपरच्या कुळातला आहे, आणि तो काय ताकदीचा असतो ते ऐकून खरं वाटत नाही, गळाला लागला की पहिल्या दोन सेकंदांत बुडालेल्या ओंडक्याखाली शिरतो, लाइन तुटते नाहीतर हुक सरळ होतो. तिथे तुमचं लेक विल्सनवालं हलकं सामान घेऊन गेलात तर रिकामी काठी घेऊन परत याल. आणि एशियन सी बास म्हणजे बारामुंडी, म्हणजे आपला जिताडा. तो खाडीत, नदीच्या मुखाशी, खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यात फिरतो, त्याचं शास्त्रच वेगळं. जंगल पर्च तर आणखी निराळा, वाहत्या स्वच्छ ओढ्यातला मासा.

मुद्दा एवढाच की बुकिंग करायच्या आधी ‘बास’ म्हणजे नेमका कोण ते विचारा, शक्य असेल तर फोटो मागा.

प्रश्न : गेल्या वर्षी एका बेटावर तीन दिवस घालवले, सकाळी आठला निवांत नाश्ता करून जायचो, दुपारपर्यंत बसायचो. एकही मासा नाही. गाइड म्हणाला बास खोल पाण्यात गेलेत, म्हणून खोल टाकत राहिलो. काय चुकलं?

उत्तर : नाश्ता चुकला, आणि गाइडही चुकला.

थंड देशातली पुस्तकं वाचून लोक हा घोळ करतात. तिकडे उन्हाळ्यात बास खोल गार पाण्यात जातो हे बरोबर. पण उष्ण बेटावरच्या जलाशयात वर्षाचा बराच काळ पाण्याचे दोन थर पडलेले असतात, वर गरम आणि खाली त्यामानाने गार, आणि खालचा थर वरच्यात मिसळतच नाही. तळाशी पानं, गवत, गाळ कुजत असतो, तो खालचा ऑक्सिजन खाऊन टाकतो. म्हणजे खाली गारवा आहे पण श्वासच घेता येत नाही, मासा तिथे जाऊन करणार काय? त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, २० अंशाला लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास. त्यामुळे बिचारा बास मधल्या पट्ट्यात अडकलेला असतो, वर ऊन आणि खाली गुदमर. फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर एका ठरावीक खोलीखाली सगळं रिकामं दिसतं, मासे त्या रेघेच्या वरच, जणू कुणी फरशी घातली आहे. त्या फरशीखाली टाकलेला गळ म्हणजे विहिरीत टाकलेला दगड.

मग करायचं काय तर उजाडायच्या आधी पाण्यावर असायचं. लार्जमाउथसाठी पहिला दीड तास आणि शेवटचा एक तास, बस. तेव्हा तो काठाला उथळ पाण्यात येतो आणि पाण्यावर चालणारं खोटं आमिष, म्हणजे पॉपर, टाकला तर जो फटाका वाजतो ना, त्यासाठीच माणूस एवढा खर्च करून जातो. ऊन चढलं की सावली शोधा, जलपर्णीच्या गालिच्याखाली, झुकलेल्या झाडाखाली, नाहीतर ओढ्याचं ताजं पाणी आत येतं तिथे. प्लास्टिकचा वर्म, म्हणजे खोटं गांडूळ, अगदी सावकाश, जवळजवळ झोप येईल इतका सावकाश ओढायचा.

पीकॉक याच्या उलट. तो डोळ्यांनी शिकार करतो, त्याला उजेड लागतो, सकाळी नऊ-दहानंतर कामाला लागतो आणि लुअर (कृत्रिम आमिष) जेवढा जोरात पळवाल तेवढा चिडतो. म्हणून दोन्ही मासे असलेल्या तळ्यावर तुमचा तो निवांत नाश्ता चालला असता, फक्त मासा बदलायला पाहिजे होता.

वाऱ्याचंही बघा. हवाई आणि कॅरिबियनमध्ये व्यापारी वारे बहुतेक पूर्व-ईशान्येकडून येतात. वारा ज्या काठावर आदळतो तिथे तरंगतं खाद्य जमतं, त्यामागे बारीक मासे, त्यामागे बास. सगळे लोक वाऱ्याच्या आडोशाला बसतात कारण तिथे लुअर टाकायला सोपं जातं, आणि मग म्हणतात मासेच नाहीत.

प्रश्न : सर्वात चांगला सीझन कोणता?

उत्तर : बेटागणिक बदलतो, पण एकूण थंडीचे महिने आणि त्यानंतरचा थोडा काळ. पोर्टो रिकोत लार्जमाउथचा विणीचा काळ साधारण जानेवारी ते जून, मासे काठाला असतात. क्युबात हिवाळ्यात उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट आली की एक-दोन दिवस बासचं तोंड बंद, ते दिवस गेले की पुन्हा सुरू. कॅरिबियनमध्ये जून ते नोव्हेंबर हा वादळांचा सीझन, तेव्हाची तिकिटं स्वस्त का असतात ते आता कळलं असेल. वादळानंतर जलाशय बदलूनच जातो. सप्टेंबर २०१७ मध्ये हुरिकेन मारियानंतर ग्वाहाताकाच्या सांडव्याला एवढं नुकसान झालं होतं की खालच्या हजारो लोकांना घर सोडायला सांगावं लागलं. त्यामुळे पाच वर्षांपूर्वीच्या माहितीवर विसंबून जाऊ नका, पाण्याची पातळी आज काय आहे ते बघून जा.

प्रश्न : नकाशावर एक झकास जलाशय दिसला, कुणीच जात नाही असं दिसतंय. गेलो तर चालेल ना? कुंपण वगैरे काही दिसत नाही.

उत्तर : नाही चालणार. हा प्रश्न मला पर्सनली लागतो, कारण मीच एकदा हे केलंय. बेटाचं नाव सांगत नाही. तिथे भेटलेला एक माणूस म्हणाला चला, माझी ओळखीची जागा आहे, पैसे आधी घेतले, पहाटे शेतातल्या कच्च्या रस्त्याने नेलं, समोर अप्रतिम पाणी, धुकं, एकही माणूस नाही, मी मनात म्हटलं नशीब काढलं. पहिलाच मासा लागला, चांगला किलोभराचा लार्जमाउथ, अंगठा त्याच्या खालच्या ओठात घालून उचलला, बासचे दात म्हणजे खरखरीत पॉलिश पेपर, अंगठ्याची साल निघते पण त्यातही मजा असते, आणि तेवढ्यात मागून गाडीचा हॉर्न. राखणदार. जागा खाजगी होती, माझा ‘ओळखीचा’ माणूस तोपर्यंत झाडीत गायब! मासा सोडला, माफी मागितली, आणि सहा किलोमीटर चालत परत, अंगठा चोखत.

हवाईत विशेषतः काउआई बेटावर जुन्या ऊसमळ्यांचे पुष्कळ जलाशय आहेत, त्यातल्या कित्येकांत बास आहे आणि बरेचसे खाजगी जमिनीत. परवानगी हातात नसेल तर जायचं नाही. मालक खडूस असतात असं नाही, १४ मार्च २००६ ला काउआईवरचं का लोको धरण फुटून सात माणसं गेली, त्यानंतर धरणांची तपासणी, मालकांची जबाबदारी, सगळंच कडक झालं. अनोळखी माणूस भिंतीवर चढलेला कुणाला आवडेल? ग्वाममध्ये फेना जलाशयात पीकॉक आहे असं वाचून लोक लाळ गाळतात, पण तो नौदलाच्या हद्दीत आहे, बाहेरच्यांना बंद. विषय संपला.

परवान्याचं थोडक्यात. हवाईत गोड्या पाण्यातल्या या माशांसाठी फ्रेशवॉटर गेम फिशिंग लायसन्स लागतं, पर्यटकांसाठी थोड्या दिवसांचंही मिळतं, ऑनलाइन काढता येतं. सिंगापूरमध्ये जलाशयाच्या ठरवून दिलेल्या भागातच गळ टाकता येतो आणि फक्त कृत्रिम आमिष, जिवंत किडा किंवा पिठाची गोळी नाही, कारण ते पिण्याचं पाणी आहे. बाकी देशात जाण्याआधी तिथल्या मत्स्य खात्याची साइट बघा, किती मासे ठेवता येतात, किती लांबीचे, हे नियम तळ्यागणिक बदलतात आणि गाइडच्या तोंडी हिशेबावर दंड माफ होत नाही.

प्रश्न : एका बेटावर आमचा ग्रुप नेहमी जातो. एका तळ्यात बास आहे, शेजारच्यात नाही. चार-पाच जोड्या नेऊन सोडल्या तर पुढच्या वर्षी आम्हालाच सोय, नाही का?

उत्तर : नाही. कृपा करून नाही. हे बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे हा एक भाग, पण खरं कारण वेगळं. बेटावरचे मूळ मासे फार नाजूक गणितावर जगतात. हवाईच्या ओढ्यांतला ओओपू नावाचा छोटा मासा घ्या, पिल्लं अंड्यातून निघाली की वाहत समुद्रात जातात, काही महिन्यांनी परत ओढ्यात शिरून वर चढतात, पोटाखालच्या चकतीसारख्या पराने खडकाला चिकटत, काही जाती तर धबधबेसुद्धा चढून जातात. एवढा खटाटोप करून वर पोचलेल्या त्या बोटभर जिवासमोर तुम्ही एक भुकेला बास नेऊन ठेवणार. मादागास्करच्या आलाओत्रा सरोवराचं वाचा, तिथे फक्त त्याच भागात राहणारा एक पाणबुडी पक्षी होता, २०१० मध्ये तो नामशेष झाल्याचं जाहीर झालं, कारणं अनेक होती, जाळ्यात अडकणं, दलदल नष्ट होणं, आणि त्यात बाहेरून आणून सोडलेले मासेही, लार्जमाउथ धरून. पनामात गातून सरोवरात पीकॉक निसटला आणि काही वर्षांत तिथले छोटे मासे जवळजवळ साफ.

जिथे बास आधीच आहे तिथे जाऊन पकडा की, कोण अडवतंय. आणि एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना बोट, बूट, जाळी धुऊन वाळवून न्या. लेक विल्सनवर २००३ च्या सुमारास साल्विनिया नावाच्या तरंगत्या वनस्पतीने जवळजवळ सगळं पाणी झाकून टाकलं होतं, ते काढायला सरकारला महिनेच्या महिने लागले.

प्रश्न : पाण्यात उतरून टाकलं तर जास्त लांब जातं. उतरू का? मगरी वगैरे असतात का?

उत्तर : पापुआ न्यू गिनीच्या नद्यांत खाऱ्या पाण्यातली मगर असते, तिथे गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरायचं नाही, माशाला सोडायला काठावर ओणवंही व्हायचं नाही. क्युबाच्या सापाता दलदलीत क्युबन मगर आहे. हवाईत मगरी नाहीत पण गोड्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, त्यामुळे पायाला जखम असेल तर बाहेरच थांबा आणि परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘ओढ्यात उतरलो होतो’ हे न विसरता सांगा. मादागास्करच्या साठलेल्या पाण्यात बिलहार्झियाचा, म्हणजे पाण्यातून कातडीवाटे शिरणाऱ्या कृमींच्या रोगाचा धोका. आणि डोंगरात वर पाऊस पडत असेल तर तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी ओढ्याच्या तोंडाशी उभे राहू नका, पाणी अचानक गढूळ व्हायला लागलं, काटक्या वाहून यायला लागल्या की सामान सोडून वर चढायचं, रॉड नवा मिळतो.

लांब टाकायचंच असेल तर थोडी पातळ ब्रेडेड लाइन (धागे विणून केलेली गळाची दोरी) घ्या, उतरायची गरजच पडणार नाही. तसंही पहाटे बास तुमच्या पायापासून चार हातांवर असतो, लोक त्याच्या डोक्यावरून पलीकडे टाकत बसतात.

प्रश्न : एकच तळं, एकच सकाळ, एवढाच वेळ आहे. कुठलं सांगाल?

उत्तर : ओआहूला असाल तर लेक विल्सन, लायसन्स आदल्या रात्रीच काढून ठेवा. पोर्टो रिकोला असाल तर डोस बोकास, दोन नद्या तिथे भेटतात म्हणून ते नाव, पण आदल्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला असेल तर पाणी चहासारखं होतं, मग सरळ सेरियोस गाठा. क्युबात ला रेदोंदा. बाकी कुठे असाल तर नकाशा पाठवा, पुढच्या अंकात बघू, फक्त भिंत कुठल्या बाजूला आहे तेवढं खूण करून पाठवा.